डब्यावरचं नाव, आतली चिप

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये वायफायचं डोंगल मागितलं की दुकानदार दोन गोष्टी विचारतो: अँटेनावालं हवं की छोटं, आणि बजेट किती. आत चिप कुठली आहे हे तो सांगत नाही, कारण गिऱ्हाईकही ते विचारत नाही. विंडोजवाल्याला तशी गरज पडत नाही. कंपनीने दिलेला ड्रायव्हर चढवला की त्याचं काम होतं. लिनक्सवर मात्र सगळं त्या चिपवर अवलंबून असतं. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत जुने कॉम्प्युटर लिनक्सवर आणून चालते करायचं काम मी बरीच वर्षं करतोय, आणि त्यातला मोठा वेळ या अंगठ्याएवढ्या वस्तूपाशी गेला आहे.

त्याला कारण आहे. आमच्याकडे येणारी मशिन्स बहुतेक पुण्या-मुंबईच्या कंपन्यांनी काढून टाकलेली असतात. चार जीबी रॅम, जुना प्रोसेसर, पण पत्रा मजबूत आणि पॉवर सप्लाय दणकट. टेबलावरच्या या मशिनांत वायफाय नसतंच, कारण कंपनीत प्रत्येक टेबलाला लॅनची वायर आलेली होती. यावलच्या शाळेत किंवा साक्रीकडच्या वाचनालयात ती कुठून आणायची? राउटर हेडमास्तरांच्या खोलीत, कॉम्प्युटर मैदानापलीकडच्या वर्गात, आणि मधे कधीकाळी ओढलेली केबल उंदरांनी खाल्लेली. मग उरतं डोंगल. ८ एप्रिल २०१४ ला एक्सपीचा आधार संपला, १४ जानेवारी २०२० ला विंडोज ७ चा, आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा. प्रत्येक वेळी ‘हा कॉम्प्युटर आता फेकायचा का?’ असं विचारत लोक आले, आणि ‘नका फेकू’ असं सांगून आम्ही त्यावर मिंट किंवा डेबियन हे लिनक्स टाकत गेलो. पण ‘फेकू नका’ असं सांगणाऱ्याने नेट चालू करून द्यावंच लागतं. नेट नसलेला कॉम्प्युटर आज शाळेलाही नको असतो आणि दाल मिलवाल्यालाही नको असतो.

सुरुवातीची काही वर्षं माझी पद्धत साधी होती. डोंगल लावायचं, चाललं तर चाललं. नाही चाललं तर डब्यावरचं नाव नेटवर शोधायचं आणि ज्याने कोणी उपाय दिला असेल त्याच्या ओळी टर्मिनलमध्ये उतरवायच्या. अशा वेळी एखादी ओळ लागू पडते, पण ती का लागू पडली हे कळत नाही आणि पुढच्या मशिनवर तीच ओळ चालत नाही. कारण डब्यावरचं नाव हे विक्रीचं नाव असतं. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एन या मॉडेलचं उदाहरण जगभर माहीत आहे. त्याच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची एआर९२७१ चिप होती आणि दुसरीपासून रिअलटेकची आली. नाव तेच, आकार तोच, पण लिनक्सच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पहिलीचा ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, आधीपासून आहे आणि तिच्या फर्मवेअरचा कोडसुद्धा २०१३ मध्ये खुला झाला. दुसरीचं तसं सरळ नव्हतं. सावद्याच्या एका केळी व्यापाऱ्याला मी हे समजावत होतो, तर तो म्हणाला, ‘म्हणजे खोकं आमचंच, आत माल दुसऱ्याचा.’ बरोबर तसंच.

म्हणून आता डोंगल लावल्यावर पहिली आज्ञा देतो ती ‘एलएसयूएसबी’. यूएसबीला जोडलेल्या प्रत्येक वस्तूची एक ओळ येते आणि तिच्यात कोलनने जोडलेले चार-चार अक्षरांचे दोन भाग असतात. पहिला भाग बनवणाऱ्याचा, दुसरा त्या वस्तूचा. ‘०बीडीए’ दिसलं की रिअलटेक. त्यापुढे ‘८१७९’ असेल तर आत आरटीएल८१८८ईयूएस आहे. ‘०सीएफ३:९२७१’ म्हणजे ती अथेरॉसची चिप. ‘१४८एफ:७६०१’ म्हणजे मीडियाटेकची एमटी७६०१यू, जिचा ड्रायव्हर २०१५ पासून, कर्नल ४.२ पासून, आतच आहे. हे आकडे एकदा वाचता आले की डबा, स्टिकर, दुकानदार, कुणालाच काही विचारावं लागत नाही.

तरी हा आकडासुद्धा कधीकधी पहिल्या भेटीत खरा नसतो. रावेर तालुक्यातल्या एका शाळेत डोंगल लावलं आणि डेस्कटॉपवर सीडीचं चित्र आलं. सरांना आनंद झाला, कारण त्यांना वाटलं ड्रायव्हर आला. त्यांनी त्यावर दोनदा क्लिक केलं, आत विंडोजची सेटअप फाइल होती. ती लिनक्सवर काय चालणार? एलएसयूएसबीत आकडा होता ‘०बीडीए:१ए२बी’. अशी डोंगलं आधी स्वतःला सीडी म्हणून ओळख देतात. विंडोजवाल्याला वेगळी सीडी द्यावी लागू नये म्हणून ही सोय केलेली असते. ड्रायव्हर चढला की ती सीडी आपोआप बाहेर पडते आणि डोंगल वायफायच्या रूपात येतं. लिनक्सवर ती बाहेर काढायचं काम आपलं. मी सरांना म्हटलं, ‘त्या सीडीवर उजवं क्लिक करा आणि इजेक्ट करा.’ त्यांनी केलं. चित्र गेलं. पुन्हा एलएसयूएसबी दिलं तर तोच पोर्ट, तीच वस्तू, पण आकडा ‘०बीडीए:सी८११’. खाली उजव्या कोपऱ्यात वायफायची खूण आली आणि शाळेच्या राउटरचं नाव दिसलं. सर बघतच राहिले. प्रत्येक वेळी हाताने इजेक्ट करायला नको म्हणून यूएसबी-मोडस्विच नावाचं छोटं साधन आहे. त्याचा एक नियम लिहून ठेवला की मशिन सुरू होताना ते काम परस्पर होतं. तो नियम न लिहिता निघालो असतो तर दुसऱ्या दिवशी सकाळी सरांसमोर पुन्हा सीडी आली असती.

सगळ्यात अडचणीची जागा असते ती अशी: ड्रायव्हर उतरवायला नेट लागतं, आणि नेट यायला ड्रायव्हर लागतो. पूर्वी आम्ही पेनड्राइव्हवर फाइली नेत असू. एक फाइल विसरली की अमळनेरहून परत जळगाव. एसटीत बसून त्या एका फाइलीचा विचार करत आलेलो मला आठवतं. आता उपाय खिशातच असतो. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलने कॉम्प्युटरला जोडायचा आणि सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू करायचं. लिनक्सच्या कर्नलमध्ये त्यासाठीचा ड्रायव्हर असतोच, त्यामुळे फोनचं नेट वायर लावल्यासारखं लगेच येतं. केबल मात्र डेटावाली लागते. बाजारात नुसत्या चार्जिंगच्या केबली फार झाल्या आहेत, म्हणून मी माझी केबल बॅगेतच ठेवतो. खेड्यात या कामाला जाणाऱ्या कुणालाही मी आधी हेच सांगतो.

नेट आलं की दुसरी आज्ञा ‘डीमेसेज’. कर्नल स्वतःशी जे बोलतं ते इथे दिसतं. ओळी इंग्रजी असतात आणि पुष्कळ असतात, म्हणून मुलं घाबरतात. माझ्याकडे साक्री तालुक्यातली एक मुलगी शिकायला होती. शिक्षण सगळं मराठी माध्यमात, आणि टर्मिनल उघडलं की तिचा हात थांबायचा. मी तिला म्हटलं, ‘सगळं वाचू नकोस. डोंगल काढ, पुन्हा लाव आणि फक्त नव्याने आलेल्या ओळी बघ.’ सहा-सात ओळी आल्या. शेवटची ओळ फर्मवेअर सापडलं नाही असं सांगत होती आणि टोकाला होतं ‘एरर -२’. उणे दोन म्हणजे ती फाइल जागेवर नाही, एवढाच अर्थ. ड्रायव्हर होता, डोंगल ओळखलं गेलं होतं, पण चिपमध्ये भरायचा छोटा प्रोग्रॅम डिस्कवर नव्हता. डेबियनच्या जुन्या आवृत्त्यांत हे नेहमी व्हायचं, कारण मुक्त नसलेलं फर्मवेअर ते मुख्य सीडीत देत नसत. २०२२ मध्ये त्यांनी मतदान घेऊन धोरण बदललं आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून ते आतच येतं. त्या दिवशी मात्र तिने फर्मवेअरचं पॅकेज टेदरिंगवरून घेतलं, डोंगल काढून लावलं आणि नेट आलं. नंतर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियलमधले लिनक्सचे मराठी धडे तिने एकामागून एक संपवले. आज ती धुळ्यात एका कॉलेजची लॅब सांभाळते, आणि कधीकधी मलाच फोनवर विचारते, ‘सर, शेवटची ओळ काय आहे ते वाचा ना.’

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते एका केळी व्यापाऱ्याच्या कार्यालयाने. तिथे डोंगलचा ड्रायव्हर कर्नलमध्ये नव्हता. बाहेरून कोड घेतला, मशिनवर बांधला, चालू केला. मालक खूश, मीही खूश. काही आठवड्यांनी फोन आला: नेट गेलं. जाऊन बघितलं तर डोंगल ठीक, राउटर ठीक. रात्रीच्या अपडेटमध्ये कर्नलचा नंबर पुढे सरकला होता, आणि बाहेरून बांधलेलं मॉड्यूल जुन्या नंबरचं होतं. उबंटू आणि मिंटवर सुरक्षेच्या साध्या अपडेटनेही हे होतं. यावर डीकेएमएस नावाची व्यवस्था आहे. कोड तिच्या ताब्यात दिला की प्रत्येक नव्या कर्नलबरोबर मॉड्यूल आपोआप नव्याने बांधलं जातं. ती लावली. बरेच महिने सुरळीत गेले. मग एक मोठं अपडेट आलं. कर्नलच्या आतल्याच काही गोष्टी बदलल्या होत्या, त्यामुळे तो जुना कोड बांधलाच जाईना. आता तो कोड कुणीतरी दुरुस्त करेपर्यंत वाट पाहायची, किंवा जुन्या कर्नलवर थांबायचं. व्यापारी फोनवर म्हणाला, ‘भाऊ, गाड्या भरायच्या आहेत, दिल्लीचे भाव यायचे आहेत, मी कुणाची वाट पाहू?’ त्याचं म्हणणं सोळा आणे खरं होतं.

तिथून माझं काम बदललं. आज चालू करून देणं आणि मी नसताना चालू राहणं, यांत दुसरं जास्त महत्त्वाचं आहे हे मनात पक्कं बसलं. जळगाव शहरात कुणीतरी धावत जाऊ शकतं. शिरपूरच्या पुढच्या पाड्यावरच्या आश्रमशाळेत कोण जाणार? म्हणून बाहेरचा ड्रायव्हर हा शेवटचा उपाय. पहिला उपाय म्हणजे कर्नल ज्या चिपला आधीपासून ओळखतं ती चिप असलेलं डोंगल घेणं. कर्नलमध्ये गेलेला ड्रायव्हर कर्नलबरोबरच पुढे येतो. आतलं काही बदललं तर बदलणाराच तोही सुधारतो.

मीडियाटेकच्या ड्युअल बँड चिपा, एमटी७६१०यू आणि एमटी७६१२यू, २०१८ च्या कर्नल ४.१९ पासून आत आहेत. रिअलटेकची ८८२१सीयू फेब्रुवारी २०२३ च्या ६.२ पासून आली. ज्या मशिनवर मी पूर्वी तास-दोन तास घालवत असे, तिथे आता नवी आवृत्ती टाकली की डोंगल लावताक्षणी चालतं. लोकांना वाटतं काहीच केलं नाही. केलंय, पण ते कुणी दुसऱ्याने, आणि आधी.

त्यातल्या एका माणसाचं नाव मला इथे घ्यायचं आहे. लॅरी फिंगर. अमेरिकेतले गृहस्थ. लिनक्सच्या वायफायवर २००५ पासून, आधी ब्रॉडकॉमच्या आणि पुढे रिअलटेकच्या ड्रायव्हरवर, त्यांनी काम केलं. कर्नलमध्ये त्यांचे दीड हजाराहून अधिक पॅच आहेत. आरटीएल८१८८ईयूचा ड्रायव्हर २०१३ मध्ये कर्नलच्या दारात आणून ठेवणारेही तेच. खानदेशातल्या कितीतरी शाळांमधली स्वस्त डोंगलं बरीच वर्षं चालली ती या माणसामुळे, आणि त्या शाळांना त्यांचं नाव माहीत असण्याचं कारण नाही. जून २०२४ मध्ये वयाच्या ८४ व्या वर्षी ते गेले. त्यांच्या पत्नीने ही बातमी कर्नलवाल्यांना कळवली. वाचल्यावर मी माझ्या बॅगेतली डोंगलं काढून बघितली. त्यातल्या निम्म्याहून अधिक कधी ना कधी त्यांच्या कोडवर चाललेली होती. मनापासून वाईट वाटलं. आणि त्यांनी कर्नलच्या बाहेर सांभाळलेले ड्रायव्हर आता कोण बघणार, हा प्रश्नही लगेच पुढे उभा राहिला. काही दुसऱ्यांनी हाती घेतले, काही तोवर कर्नलमध्ये आले होते. एका माणसावर इतकं काही उभं असू शकतं हे कळल्यापासून मी कुठलाही बाहेरचा कोड घेताना तो कोण सांभाळतं आणि शेवटचा हात कधी फिरला हे आधी पाहतो.

सुरक्षित बूटचं प्रकरण थोडक्यात सांगतो. नव्या मशिनांत सिक्युअर बूट चालू असतं आणि बाहेरून बांधलेल्या मॉड्यूलवर सही नसेल तर कर्नल ते घेत नाही. सही बसवताना मशिन एकदा रीस्टार्ट होतं आणि निळा पडदा येतो. तिथे थोड्या वेळात चावी नोंदवायचा पर्याय निवडून पासवर्ड द्यावा लागतो. नाही दिला तर मशिन तसंच पुढे जातं आणि सगळं पुन्हा करावं लागतं. धुळ्यात एका ग्राहकाच्या दुकानात त्या क्षणीच लाइट गेली होती. तेव्हापासून हे काम बॅटरी असलेल्या यूपीएसवरच.

कधीकधी दोष ड्रायव्हरमध्ये नसतोच. धुळ्यात पाच कंदीलजवळच्या एका हिशेबनिसांकडे नेट सकाळी चांगलं असायचं आणि दुपारी एका ठरावीक वेळी मरायचं. ते म्हणाले, ‘भाऊ, काल चालू व्हतं, आज काय व्हयनं याले?’ मी तिथे बसून राहिलो. दुपारी त्यांच्या मदतनिसाने बाहेरची हार्ड डिस्क लावली, बॅकअप सुरू केला, आणि वायफायचे दांडे उतरले. डोंगल आणि डिस्क शेजारी-शेजारी, निळ्या यूएसबी ३ च्या पोर्टांत. यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो, हे इंटेलने २०१२ मध्येच कागदावर मांडलं आहे. हातभर लांबीची यूएसबीची एक्स्टेंशन वायर घेतली, डोंगल पुढच्या काळ्या पोर्टवर नेऊन टेबलाच्या वर ठेवलं. बॅकअप चालू असतानाही दांडे जागेवर राहिले. ती वायर आता मी प्रत्येक डोंगलबरोबर देतो. भिंतीला चिकटलेल्या सीपीयूच्या मागे, पत्र्याच्या आडोशाला डोंगल लावलं की सिग्नल निम्मा होतो. त्यात आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो. बोटाच्या पेराएवढं डोंगल त्या कोंडीत हात लावू देत नाही इतकं तापतं, आणि तापलं की तुटतं-जोडतं. वर मोकळ्या हवेत आणलं की दोन्ही त्रास कमी होतात.

याच धाटणीची आणखी एक गोष्ट म्हणजे वीज वाचवण्याची सोय. काही डोंगलं थोडा वेळ काम नसलं की झोपतात आणि उठताना अडखळतात. नेटवर्क मॅनेजरच्या फाइलीत पॉवरसेव्हचा आकडा दोन केला की ती सोय बंद होते. लॅपटॉपवर हे करण्याआधी मी विचार करतो, टेबलावरच्या मशिनवर नाही.

पैशांबद्दलही बोलायला हवं. डोंगल तीन-चारशे रुपयांचं असेल तर ‘ते बसवायचे चारशे कशाला?’ असा प्रश्न येतोच, आणि तो विचारणारा वाईट माणूस नसतो. त्याला दिसते ती वस्तू. मी काय शोधलं, कुठली ओळ वाचली, पुढच्या अपडेटची काय सोय केली, हे त्याला दिसत नाही. म्हणून मी ते दिसेल असं करायला लागलो. काम झालं की सीपीयूच्या बाजूला एक कागद चिकटवतो. त्यावर डोंगलचा आकडा, चिप, ड्रायव्हर आतला की बाहेरचा, कर्नलचा नंबर, तारीख, आणि नेट गेल्यास फोनचं टेदरिंग कसं लावायचं ते तीन ओळींत मराठीत. शाळांमधून येणारे फोन त्यामुळे बदलले. पूर्वी ‘नेट बंद आहे’ एवढंच असायचं. आता सर कागदावरचा आकडा वाचून सांगतात आणि निम्म्या वेळा काम फोनवरच होतं.

सध्या वायफाय ६ ची स्वस्त डोंगलं बाजारात आली आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळांत एआयसी८८०० ही चिप निघते. तीही आधी डिस्क म्हणूनच समोर येते. गेल्या आठवड्यात पारोळ्याहून एक ग्रंथपाल बाई असंच डोंगल घेऊन आल्या. बाहेरच्या ड्रायव्हरवर ते चाललं असतं. मी त्यांना सांगितलं, ‘ताई, आज चालेल, पण पुढचं अपडेट आलं की तुम्हाला परत यावं लागेल. हे दुकानदाराला परत द्या आणि मीडियाटेकचं घ्या, थोडं महाग पडेल.’ त्या म्हणाल्या, दुकानदार चिप सांगत नाही. मग आम्ही दोघं त्याच्या दुकानात गेलो, काउंटरवर माझा लॅपटॉप उघडला आणि त्याच्याकडची डोंगलं एकेक लावून आकडे बघायला लागलो. त्यानेही खोक्यांवर पेनाने चिपचं नाव लिहायला सुरुवात केली.